अर्ध्या गोळ्यांची बाटली

माल्सुनचं खरं काम एवढंच, की गावच्या न्हाणीघरात गुलाबी रेक्झिनच्या बाकावर आडव्या झालेल्या बायकांचा मळ काढायचा. हिरवं खरखरीत कापड हातात चढवायचं आणि मानेपासून टाचेपर्यंत घासत सुटायचं. एक बाजू झाली की कंबरेवर चापट. चापट बसली की बाई कुशीवर वळते, दुसरी बसली की पालथी. तेवीस वर्षं हे केल्यावर माणसाचा असा समज होतो की शरीर म्हटलं की आपल्याला सगळं कळतं. माल्सुनचा झाला होता, आणि गिऱ्हाइकांनी तो हौसेने वाढवला होता.

"माल्सुन, ही गाठ कसली गं?"

"चरबीची. विसरून जा."

"आणि हा डाग?"

"हा मात्र डॉक्टरला दाखव."

तो डाग खरंच वाईट निघाला, बाई वेळेत वाचली, आणि तेव्हापासून न्हाणीघरात तिचं नाव 'डॉक्टरीणबाई' पडलं. थट्टेनेच पडलं, पण थट्टासुद्धा रोज ऐकली की खरी वाटायला लागते.

तिची आवडती तपासणी म्हणजे नडगी. अंगठा नडगीवर रुतवायचा, मनात पाच मोजायचे आणि उचलायचा. खड्डा राहिला तर सूज. मग ती मान हलवून म्हणायची, "पाणी धरलंय अंगाने." बायका "अगं बाई!" म्हणायच्या. एवढी एकच नडगी तिने कधी दाबून पाहिली नव्हती, ती तिची स्वतःची.

गेल्या शरद ऋतूत डॉक्टरने तिला सांगितलं होतं, हृदय थकलंय, अंगात पाणी साठतं, ते काढायला रोज सकाळी अर्धी गोळी. औषधाच्या दुकानातून एकेका वेळच्या सगळ्या गोळ्या एकेका कागदी पुडीत बंद होऊन येतात, पुड्यांची लांबलचक माळच. त्या प्रत्येक पुडीत ती पांढरी अर्धी गोळी होती. पहिले चार दिवस माल्सुनने ती इमानाने गिळली आणि चारही दिवस तिची फजिती झाली. गोळी घेतल्यावर तासाभरात तीनदा पळावं लागायचं. बाकावर साबणात माखलेली बाई उघडी पडलेली, खिळ्यावर नंबर लावून बसलेल्या आणखी चार जणींच्या खणांच्या किल्ल्या रांगेत टांगलेल्या, आणि डॉक्टरीणबाई शौचालयात! "थांबा, मला लघवीला जायचंय" हे चारचौघींत म्हणायला तिची जीभ रेटेना.

म्हणून ती पुडी फोडून पांढरी अर्धी बाजूला काढायची आणि बाकीच्या गोळ्या घ्यायची. औषध फेकायचं जिवावर येई. ती अर्धी जायची आंबट दुधाच्या रिकाम्या इवल्याशा बाटलीत, आणि बाटली जायची कोटाच्या खिशात.

"रोज घेता ना?" डॉक्टर विचारायचा.

"न चुकता," माल्सुन म्हणायची.

चांद्र नववर्षाच्या आधीचे दिवस. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही. अशा गर्दीत गुमजाने आपली किल्ली खिळ्याला लावली. गुमजा बाजारात लोणची-भाज्यांचं दुकान चालवायची. वय सदुसष्ट, आवाज खणखणीत, आणि पंधरा वर्षं दर आठवड्याला माल्सुनच्याच बाकावर. एकेचाळीस वर्षांच्या लेकाचं, ऊशिकचं लग्न एकदाचं जमलं होतं. येत्या शनिवारी बार उडायचा होता.

"तोंड बघ माझं," बाकावर पडत गुमजा म्हणाली. "वाफवलेला पाव झालाय! फोटोत शेजारी बसणार विहीण. ती म्हणजे वाळलेली मासोळी. लोक म्हणतील, हिने तिच्या वाटचंही खाल्लं."

"दिवसभर खारट रस्से चाखतेस, ताई, आणखी काय होणार?"

"रेशमी जोडे पायात जाईनात गं. काहीतरी कर ना, डॉक्टरीणबाई."

माल्सुनने अंगठा रुतवला. खड्डा राहिला. इथे तिने म्हणायला हवं होतं, दवाखान्यात जा. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण शेजारच्या दोन बायका कान टवकारून बसल्या होत्या आणि गुमजा लहान पोरीसारखी आशेने पाहत होती. माल्सुन कपडे ठेवायच्या खणाकडे गेली. कागदी रुमालात दहा-बारा अर्ध्या गुंडाळून आणल्या आणि गुमजाच्या मुठीत कोंबल्या.

"रोज सकाळी एक. माझ्याच डॉक्टरच्या आहेत, भारी आहेत. आणि पाणी कमी पी, नाहीतर काय उपयोग?"

हे शेवटचं वाक्य कुठल्याही डॉक्टरने तिला सांगितलेलं नव्हतं. ते तिने पदरचं घातलं.

तिसऱ्या दिवशी गुमजा नाचतच आली. अंगठी सैल झाली होती, डोळे उघडले होते. "एकीने एवढं, तर तिघींनी किती!" ती डोळे मिचकावत म्हणाली. माल्सुन हसली. "चावट म्हातारी," म्हणाली आणि दुसरीच्या पाठीला लागली. त्या हसण्याची पुढे तिला किती लाज वाटणार होती!

गुरुवारी सकाळी गुमजा तापलेल्या मातीच्या खोलीत तास-दीड तास घाम काढत बसली. बाहेर आली, थंड पाण्याच्या हौदाकडे चार पावलं टाकली आणि फरशीवर कोसळली. माल्सुन धावली. पोटऱ्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या, ओठ सुकून पांढरे, आणि नाडी अशी, की दोन ठोके पडले की एक चुकत होता. माल्सुनला त्याच क्षणी सगळं कळलं. या वेळी मात्र कळलेलं बरोबर होतं.

रुग्णवाहिकेत कुणीतरी बरोबर जायला हवं होतं. माल्सुन गेली. कामाच्या ओल्या काळ्या अंतर्वस्त्रांवर गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, पायात रबरी सपाता. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ती कोट मुठीत गच्च धरून बसली, आणि खिशातली बाटली तिच्या मांडीला टोचत राहिली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, केस मागे करकचून बांधलेली. तिने गुमजाच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, तुम्ही कुठलं औषध घेतलंय? रक्तदाबाचं सोडून?"

गुमजाचे डोळे अर्धे उघडले. चादरीखालून तिने माल्सुनचा हात दाबला. "काही नाही," ती पुटपुटली. "विहिणीने काढा पाठवला होता... तोच."

"तुम्हाला काही माहीत आहे, आई?" डॉक्टर माल्सुनकडे वळली. साठीकडे झुकलेल्या प्रत्येक बाईला इथले डॉक्टर आईच म्हणतात.

"मी?" माल्सुन म्हणाली. "मी पाठ घासणारी बाई. मला काय कळतंय?"

तेवीस वर्षांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि तेही खोटं बोलायला.

ऊशिक धापा टाकत आला. आईला पाहून त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो माल्सुनसमोर कंबरेत असा वाकला की तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मावशी, तुम्ही होतात म्हणून आई वाचली. हे उपकार मी फेडू शकणार नाही." त्याने नाणं टाकायच्या यंत्रातून गरम चहाचा डबा आणून तिच्या हातात ठेवला. तिच्या उघड्या पोटऱ्या पाहून स्वतःचा मफलर सोडून त्यावर घातला. माल्सुनने चहा घेतला. डबा तिने उघडलाच नाही.

डॉक्टर रक्ताचा कागद घेऊन परत आली. "पोटॅशियम फार खाली गेलंय. हृदयाचे ठोके त्यामुळेच चुकताहेत. अंगातलं पाणीही आटलंय. यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीचं औषध आहे, पण थोडं. तेवढ्याने असं होत नाही. काढ्यात काय होतं?"

"मी विचारतो," ऊशिक म्हणाला. त्याच्या कपाळाची शीर तटतटली होती.

"लवकर विचारा. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं हे कळलं नाही तर अजून किती उतरणार तेही कळत नाही. आम्ही अंधारात चाचपडतोय."

ऊशिकने तिथेच फोन लावला. आधी होणाऱ्या बायकोशी हळू बोलत होता, मग आवाज चढला. "तुझ्या आईने काय उकळून पाठवलंय? ... कुठल्या दुकानातून? ... माझी आई इथे मरायला टेकलीय आणि तू म्हणतेस काढ्याने काही होत नाही? ... मग राहू दे शनिवारचं! नकोच ते!"

पडद्यापलीकडचे लोक वळून पाहू लागले. गुमजा डोळे मिटून पडली होती. तिच्या छातीला लावलेल्या तारांचं यंत्र मध्येच अडखळत वाजत होतं. माल्सुन खिशातली बाटली मुठीत धरून बसली. सांगितलं तर गाव तोंडात शेण घालेल, माझ्या बाकावर मग कोण झोपेल, आणि ताईनेच तर गप्प राहा म्हणून हात दाबलाय. अशी एकेक कारणं ती मनातल्या मनात रचत होती, आणि प्रत्येक कारण तिला आपल्याच अंगावरच्या मळासारखं वाटत होतं.

"मावशी!" ऊशिकने फोन तिच्यापुढे धरला. "तिची आई आलीय फोनवर. तिचा विश्वास बसत नाही. तुम्हीच सांगा, आई काढाच घेत होती ना? तुमच्यासमोर बोलली ना?"

माल्सुनने फोन कानाला लावला. पलीकडून एक बाई रडत होती, गुमजाची ती वाळलेली मासोळी.

"अहो बाई," ती हुंदके देत म्हणाली, "मी दिवसभर त्या जडीबुटीच्या दुकानात बसून उकळून घेतला हो. विहीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून. मी कशाला कुणाचं वाईट करीन? माझ्या पोरीचं लग्न आहे. तुम्ही तिथे होतात ना, मला खरं सांगा, माझ्याच हातून झालं का हे?"

ऊशिक तिच्याकडे पाहत होता. डॉक्टर पाहत होती.

"नाही," ती म्हणाली. आवाज फुटला, म्हणून तिने परत म्हटलं, मोठ्याने. "नाही. तुमच्या काढ्याचं काही नाही. गोळ्या मी दिल्या. लघवीच्या. माझ्या. सूज उतरायला. पाणी पिऊ नको असंही मीच सांगितलं."

फोन तिने ऊशिकच्या हातात दिला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. खिशातली बाटली काढून डॉक्टरपुढे धरली. आतल्या अर्ध्या गोळ्या खुळखुळल्या.

"दहा-बारा दिल्या. रविवारी. आधी रोज एक घेतली. मंगळवारपासून तीन-तीन घेत असावी. मला तिने सांगितलं होतं. मी हसले."

डॉक्टरने बाटली घेतली, नर्सला भराभर काहीतरी सांगितलं, आणि पडद्याआड पळापळ सुरू झाली. सलाइनची नवी बाटली टांगली गेली, सुया बदलल्या. ऊशिक जागच्या जागी उभा होता. मघा वाकलेली त्याची कंबर आता ताठ होती. त्याने शिव्या घातल्या असत्या तर माल्सुनला जरा बरं वाटलं असतं. तिने त्याचा मफलर पायांवरून काढला, घडी घातली आणि बाजूच्या खुर्चीवर ठेवला.

अर्ध्या-पाऊण तासाने डॉक्टर परत आली. गुमजाचं यंत्र आता जरा सरळ वाजत होतं. "वेळेत कळलं," डॉक्टर म्हणाली. मग तिने बाटली एका तबकात पालथी केली. पांढऱ्या अर्ध्यांचा ढीग पडला. ती काही क्षण त्याकडे पाहत राहिली.

"या तुमच्या रोजच्या गोळ्या आहेत?"

"हो."

"मग तुम्ही रोज काय घेत होता?"

माल्सुनने कोटाचा काठ नडग्यांवर ओढला.

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवी बसली, कोटाचा काठ बाजूला सारला आणि तिच्या नडगीवर अंगठा रुतवला. माल्सुनच्या मनाने सवयीने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. अंगठा उचलला. बोटाचं पेर बुडेल एवढा खड्डा. ऊशिक पाहत होता. माल्सुनला पाय ओढून घ्यावासा वाटला, पण डॉक्टरने टाच धरली होती. दहा झाले, वीस झाले. खड्डा भरायचं नाव घेईना.

"कामात जाता येत नाही," शेवटी ती म्हणाली. "बायका बाकावर असतात. लाज वाटते."

"हे डॉक्टरांना सांगितलंत का? गोळीची वेळ बदलून दिली असती त्यांनी. काम संपल्यावर दुपारी घेता आली असती."

एवढं सोपं होतं. माल्सुनने कोटाच्या बाहीत तोंड लपवलं आणि सगळ्यांदेखत रडली.

लग्न झालं, महिनाभर पुढे ढकलून. माल्सुनला बोलावणं आलं नाही, आणि यावं असं तिलाही वाटलं नव्हतं. न्हाणीघरात कुजबुज व्हायची ती झाली. खिळ्यावरच्या किल्ल्या कमी झाल्या. आता डॉक्टरने वेळ बदलून दिली होती, तरी मध्येच कधी निकड लागली तर ती हातातलं कापड काढून ठेवायची आणि म्हणायची, "थांबा, मला लघवीला जायचंय." कुणी हसलं तर हसू द्यायची.

आणि वसंतात एका सकाळी खिळ्यावर ओळखीची किल्ली लागली. गुमजा बाकावर आडवी झाली. बारीक झाली होती, पण आवाज तोच.

"काय गं, ओळख विसरलीस? घास की."

माल्सुनने घासायला घेतलं. माल्सुनचे हात मान, पाठ, मांड्या करत नडगीपर्यंत आले. अंगठा आपोआप वळला आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"दाब की," गुमजा म्हणाली. "घाबरतेस काय? बघ बरं, परत धरलंय का पाणी?"

शेजारच्या दोघी कान टवकारून बसल्या होत्या. माल्सुनचे गाल वाफेनेही होत नाहीत एवढे लाल झाले.

"मी पाठ घासणारी बाई, ताई," ती म्हणाली. "मला काय कळतंय?"

आणि तिने गुमजाच्या कंबरेवर हलकी चापट मारली.