विलिकाकाने नेलेली सुरी

विलिकाका दार वाजवत नाही. सरळ आत येतो, शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचलतो आणि उकडलेल्या कसावा-कंदाचा सगळ्यात मोठा तुकडा तोंडात टाकतो. त्या शनिवारीही त्याने तेच केलं. वर नारळाच्या दुधात शिजवलेल्या माशाचं डोकं, जे आई बाबांसाठी बाजूला ठेवते, तेही उचललं.

"वहिनी, मीठ कमी आहे," तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला. "ह्या म्हाताऱ्या बोकडाशी लग्न केलंस आणि तुझ्या हाताची चव गेली."

"तू आलास की जाते," आई म्हणाली.

"खा, खा," बाबा म्हणाले. "तुझ्या गावातले मासे तुझं तोंड बघूनच खोल पाण्यात पळतात. इथे तरी खा."

जाताना त्याने दारातले बाबांचे नवेकोरे पांढरे गमबूट पायात घातले आणि आपले फाटके तिथेच टाकले. बाबा खिडकीतून "चोरा!" म्हणून ओरडले आणि पोट धरून हसत बसले.

मला अजिबात हसू आलं नाही.

फिजीतलं आमचं गाव आणि त्याचं गाव, दोघांचा पूर्वजदेव एकच. अशा दोन गावांची माणसं एकमेकांची ताउवु असतात. ताउवुने ताउवुच्या घरातलं काहीही उचलावं, त्याला वाटेल ते बोलावं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. परतफेड करायची तीही तशीच, उचलून आणि शिव्या देऊन. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलेय. पण ह्या रीतीच्या आड लपून एखाद्याला काय काय साधता येईल, हेही मला दिसतं. यंदा मी शाळेच्या वादविवाद संघात आहे (पहिल्याच फेरीत आम्ही शहरातल्या शाळेला झोपवलं!), आणि समोरचा काय लपवतोय ते हुडकणं हेच तिथे माझं काम.

विलिकाकाकडे लपवण्यासारखं होतंच. आता आम्ही राहतो त्या ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या ह्या गावात मांसाचा एक कारखाना आहे, बाकी फारसं काही नाही. बाबा आणि विलिकाका दोघंही तिथे हाडांवरून मांस सोडवतात. दोघांचेही कामाचे परवाने डिसेंबरात संपतात, आणि ते संपले की चला परत. कायमचं राहायचं तर पदवी लागते, आणि बाबांनी शाळा सोडली तेव्हा ते माझ्यापेक्षा लहान होते. माझी मावशी पदवीधर नर्स. तिने अर्ज केला, मुलाखत दिली, आता ब्रिस्बेनला तिच्या अंगणात आंबा आहे. बाबांसारख्यांसाठी एकच फट असते: कारखान्याने सांगायचं की हा माणूस कसबी आहे, ह्याच्यावाचून आमचं अडतं. आमचा कारखाना यंदा हे एकाच माणसाबद्दल सांगणार होता. सुट्टीतल्या एका गुरुवारी बाहेरून परीक्षक येणार, दोघांचं काम बघणार, आणि ज्याचा हात सरस त्याचं नाव पुढे जाणार.

दोघं म्हणजे कोण, ते कळलंच असेल.

"आई," मी म्हटलं, "काल जेवणाच्या सुट्टीत विलिकाका ग्लेंडासमोर बाबांबद्दल म्हणाला, ह्या पेनायाला गाय कुठली आणि बाकडं कुठलं ते कळत नाही."

"ताउवु आहे तो. म्हणणारच."

"ते आपल्याला माहीत. ग्लेंडाला काय माहीत? ती मॅनेजर आहे. तिला फक्त 'पेनायाला कळत नाही' एवढंच ऐकू गेलं."

आई टॉवेलची घडी घालता घालता थांबली. "फार बोलायला लागलीस तू. चर्चमध्ये शेजारी बसतो तो आपल्या." तिने टॉवेल ठेवला, परत उचलला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाबांची सुरी आण इकडे. कपाटात ठेवू. चादरींच्या खाली."

म्हणजे मी एकटी नव्हते तर.

बुधवारी संध्याकाळी पुरुष मंडळी चटईवर यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय, प्यायला बसली होती. विलिकाका आला, बसला नाही. सरळ कपाटाकडे गेला, चादरी वर केल्या आणि निळी पट्टी गुंडाळलेली सुरी काढली. कारखान्यात प्रत्येकाच्या सुरीला आपापल्या रंगाची पट्टी असते. बाबांची निळी, त्याची लाल.

त्याला जागा कुणी सांगितली? मी दारात आडवी उभी राहिले.

"ती बाबांना उद्या लागणार आहे."

"मलाही उद्याच लागणार आहे."

"तुमची आहे की तुम्हाला!"

"माझी मला आवडत नाही." त्याने अंगठ्याच्या नखावर पातं टेकवून बघितलं. "हिला धार म्हणतात? हिने तुझ्या बापाने डोकं खाजवलं तरी एक केस तुटणार नाही."

"बाबा, बघा ना!"

बाबांनी यांगोनाची करवंटी रिकामी केली, रीतीप्रमाणे तीनदा टाळी वाजवली. "जाऊ दे, उनाइसी."

"जाऊ दे?"

"विचारून नेली असती तर मला काळजी वाटली असती."

गुरुवारी मी बाबांबरोबर कारखान्यात गेले. परीक्षकाने काही विचारलं तर सांगायला कुणी हवं, कारण बाबांचं इंग्रजी 'हो बॉस'च्या पुढे जात नाही. मांस कापायच्या दालनात मुलांना सोडत नाहीत, म्हणून मी बाहेरच्या बोळात, काचेच्या खिडकीशी उभी होते; बाबा आणि विलिकाका आत जायच्या तयारीत तिथेच होते. गार वारा, ब्लीचचा वास. तेवढ्यात ग्लेंडा आली. तिची नजर विलिकाकाच्या कमरेशी अडकली, तिथे दोन सुऱ्या होत्या.

"ही निळी पट्टी. पेनायाची सुरी ना ही?"

"हो," विलिकाका म्हणाला. "ह्या चोराच्या घरून आणली."

ग्लेंडा माझ्याकडे वळली. "तुझ्या बाबांना विचार. त्याने ही न विचारता नेली का? हो की नाही, एवढंच सांगायचं. हो असेल तर तो आत्ताच्या आत्ता बाद. माझ्या कारखान्यात चोरी चालणार नाही."

काय सांगू! उत्तर 'हो' होतं. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. एका शब्दात आम्ही कायमचे इथले झालो असतो. मी विलिकाकाकडे बघितलं. तो पायातल्या गमबुटांकडे, म्हणजे बाबांच्या गमबुटांकडे बघत होता. घाबरलेला होता की नुसता भुकेला, चेहऱ्यावरून कळेना.

मी बाबांना आमच्या भाषेत सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी माझं एक वाक्य जोडलं. "बाबा, नुसतं हो म्हणा. खरंच तर आहे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, ते जास्त वाईट.

"तिला सांग, आमच्यात ह्याला चोरी म्हणत नाहीत," ते म्हणाले. "आणि काय म्हणतात ते मीच दाखवतो."

त्यांनी हात लांब केला आणि विलिकाकाच्या म्यानातून लाल पट्टीची सुरी उपसली.

विलिकाकाचा हात वर आला. त्यांना अडवायला. अर्ध्यात थांबला आणि खाली गेला. बाकी कुणी बघितलं नसेल, मी बघितलं.

"विचारलंस का रे, डुकरा?" तो म्हणाला.

"तुला कोण विचारतंय!"

"ने! तुझ्या हातात जाऊन बिचारी रडेल ती."

"उनाइसी," ग्लेंडाने कपाळाला हात लावला, "हे काय चाललंय?"

मग मी बोलले. दोन गावं, एक देव, गमबूट, माशाचं डोकं, सगळं. वादविवादातसुद्धा मी इतकं चांगलं बोलले नव्हते, आणि मजा म्हणजे ज्या माणसावर माझा काडीचा विश्वास नव्हता त्याच्या बाजूने बोलत होते. ग्लेंडाने ऐकून घेतलं. दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघावं तसं दोघांकडे बघितलं.

"आत जा. माझं लक्ष आहे दोघांवर."

काचेतून मला सगळं दिसत होतं. विलिकाकाची सुरी वर्षानुवर्षं धार लावून लावून बारीक झालेली, करंगळीएवढी. बाबांनी ती खांद्याच्या हाडालगत सरकवली आणि हाड धुऊन काढल्यासारखं पांढरंशुभ्र बाहेर आलं. परीक्षक आणखी जवळ गेला. शेजारी विलिकाका बाबांच्या सुरीशी झटत होता. दोनदा थांबून त्याला धार लावावी लागली. दुसऱ्यांदा त्याने मान वर करून बाबांच्या हाताकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला.

बाबांचं नाव पुढे गेलं. नाव गेलं म्हणजे झालं असं नाही. अजून इंग्रजीची परीक्षा आहे (रोज रात्री मी घेतेय शिकवणी, हट्टी विद्यार्थी!), डॉक्टरांची तपासणी आहे. पण फट उघडली. आई त्या दिवशी दोनदा रडली आणि एकदा नाचली.

शनिवारी विलिकाका आला. दार वाजवलं नाही. मी पातेल्यासमोर उभी राहिले.

"काका, बाबांची सुरी बोथट आहे हे तुम्हाला नेतानाच कळलं होतं. नखावर बघितली होती तुम्ही."

"बघितली होती."

"म्हणजे बाबा तुमची चांगली सुरी उचलतील, म्हणून नेलीत?"

"तुझा बाप? त्याला एवढी अक्कल कुठली!"

"मग त्यांना सुरीशिवाय पाठवायचं होतं?"

त्याने माझ्या खांद्यावरून हात घालून कसावा उचलला. "तुला काय वाटतं?"

"दोन्ही वाटतं."

तो मोठ्याने हसला. "पदवी घे हां पोरी. आमच्यासारखी राहू नकोस." मग त्याने खोलीभर नजर फिरवली, सावकाश, दुकानात फिरवतात तशी. "डिसेंबरात मी चाललो गावी. तुम्ही इथले कायमचे झालात की कळव. मी येईन आणि सगळं घेऊन जाईन. तो फ्रीज. हा सोफा. तुझ्या बापाला नाही म्हणता यायचं नाही."

"तुझ्या फुटक्या होडीत मावेल का रे, माकडा?" बाबा आतून ओरडले.

"तुला बुडवून जागा करीन!"

दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जाताना त्याने बाबांची टोपी नेली. कपाट मात्र उघडलं नाही. त्याची लाल पट्टीची सुरी आतच होती, चादरींच्या वर, सहज हाताला येईल अशी. तो गेल्यावर मी कपाट उघडून खात्री करून घेतली.

मग फूटपट्टी आणून सोफा मोजला. आमच्या दारातून तो आडवा सहज निघतो.