पाणी जरा कमी प्या

चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवरच्या एका चाळीत, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, संघमित्रा तांबे वडिलांसोबत राहायची. वय चौतीस. विमा कंपनीत क्लेम तपासायचं काम. तीन दिवस घरून, दोन दिवस लोअर परळच्या ऑफिसातून. वडील सीताराम पंचाहत्तरीचे, बसवर कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आई सहा वर्षांपूर्वी गेली. धाकटा भाऊ संघर्ष बदलापूरला असायचा.

जानेवारीत सीताराम पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. संडास मात्र गॅलरीच्या टोकाला, अकरा दारं ओलांडून. हॉस्पिटलातून आणलेलं लघवीचं भांडं त्यांनी पलंगाखाली ढकललं ते ढकललंच. एकाच खोलीत, लेकीसमोर, ते त्यांना जमेना. मोरीचं नाव काढलं तर म्हणायचे, "जिथं भांडी घासतो तिथं?"

मग प्रत्येक वेळी संघमित्राच त्यांना घेऊन जायची. वॉकर आत मावायचा नाही. ती तो धरून पुरुषांच्या संडासाबाहेर उभी राहायची. मजल्यावरचे लोक टमरेल घेऊन यायचे, तिला बघून मागे वळायचे. लहानपणापासूनची ओळख, कोणी काही बोलायचं नाही. तरी तिला मान वर करवत नसे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उन्हाने कहर केला. वरची गच्ची सकाळी अकरालाच तापायची आणि संध्याकाळी सातपर्यंत ती उष्णता खोलीत उतरत राहायची. पंखा गरम वारा फेकायचा. सीताराम माठातलं पाणी पेल्यावर पेले प्यायचे.

त्या सोमवारी घरूनच लॅपटॉपवर तिची महत्त्वाची मीटिंग चालू होती. तिच्या नावावरचे सहा क्लेम अडकले होते आणि टीम लीड त्याचीच विचारणा करत होता. तेवढ्यात सीतारामांनी तिला बोलावायला वॉकर जमिनीवर आपटला. सकाळपासूनची ती चौथी वेळ होती.

"पप्पा, दहा मिनिटं."

"नाही गं थांबवत."

ती गेली. परत आली तेव्हा टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाला, "संघमित्रा आल्या वाटतं. वेळ मिळाला का आमच्यासाठी?" कोणीतरी हसलं. मीटिंग संपली, तिने लॅपटॉप मिटला आणि वडिलांकडे न बघताच म्हणाली,

"पप्पा, पाणी जरा कमी प्या ना. दर तासाला कोण धावणार तुमच्यामागे?"

सीतारामांनी हातातला पेला खिडकीत ठेवला. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "नोकरीवर असताना आठ-आठ तास काढायचो मी पाण्याशिवाय. सवय आहे."

दुसऱ्या दिवसापासून वॉकरचा आवाज कमी झाला. दिवसाला तीनदा, मग दोनदा. संघमित्राला बरं वाटलं. कामं वेळेवर होऊ लागली. चार दिवसांनी माठ भरताना तिच्या लक्षात आलं, की पाणी फारसं उतरलेलंच नाही. तिने क्षणभर माठात बघितलं, वरून दोन तांबे ओतले आणि झाकण ठेवलं. वडिलांना काही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी फोनवर उष्णतेच्या लाटेचा इशारा आला. तहान नसली तरी पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, वृद्धांची काळजी घ्या. तिने तो घरच्या ग्रुपवर पुढे पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. संघर्षने अंगठा पाठवला.

पुढच्या गुरुवारी तिला ऑफिसला जायचं होतं. तिने वरणभात झाकून ठेवला, तांब्याभर पाणी पलंगाशी ठेवलं, ताकाचा पेला पुढे केला. "नको, राहू दे," सीताराम म्हणाले. त्यांची जीभ जड वाटली तिला. पण तिला निघायची घाई होती.

तिच्या ऑफिसात एसी इतका असायचा, की ती खांद्यावर ओढणी घेऊन बसायची. दीडला तिने फोन केला. "जेवलो," ते म्हणाले, एवढंच. सव्वातीनला शेजारच्या कांतामावशींचा फोन आला. चाळीत तासभर लाइट नव्हती.

"मित्रा, तू ये बघू लगेच. तुझे पप्पा कायतरीच बोलतायत. मला ओळखतच नाहीत. अंग नुसतं भाजतंय."

"घाम आलाय?"

"घाम कुठला! कोरडं ठणठणीत. मी पाणी पाजत होते, तर ते बाहेरच सांडतंय."

संघमित्राने मावशींचा फोन चालूच ठेवला आणि दुसऱ्याच्या फोनवरून ॲम्ब्युलन्ससाठी एकशे आठला फोन लावला. पलीकडच्या बाईने पत्ता घेतला आणि सांगितलं, की पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसक्याने फुप्फुसात जाईल. कपडे सैल करा, मानेला, काखेत, जांघेत ओले कपडे ठेवा, वारा घाला. तिने तसंच्या तसं मावशींना सांगितलं. मावशींनी खालच्या मजल्यावरच्या विकासला हाक मारली. दोघांनी बादलीत चादर भिजवून त्यांच्या अंगावर टाकली आणि पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. संघमित्रा टॅक्सीने पोचली तेव्हा स्ट्रेचर जिन्यावरून उतरत होतं. ओल्या चादरीत वडील एवढेसे दिसत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठला स्टॉप आला?"

सरकारी हॉस्पिटलात त्यांना लगेच आत घेतलं. ताप एकशे चारच्या वर होता. बर्फाच्या पिशव्या आल्या, सलाईन लागलं. डॉक्टर आकांक्षा नावाची तरुण मुलगी होती. लिहिता लिहिता तिने विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"ब्लड प्रेशरची. त्यातच लघवी होण्याचं औषध आहे."

"पाणी किती पितात दिवसाला?"

संघमित्रा म्हणाली, "पितात की. दोन-अडीच लिटर."

शब्द तोंडातून कसे गेले ते तिचं तिलाच कळलं नाही. डॉक्टरने ते लिहून घेतलं. "मग एवढे कोरडे का पडले? डोक्याचं स्कॅन करून घेऊ, इन्फेक्शनही बघायला हवं."

वडिलांना स्कॅनला नेलं. संघमित्रा बाकावर बसली. शेजारी कांतामावशी कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, "पोरगी किती करते हो त्यांचं! तिच्यामुळे वाचले." संघमित्राला त्या बाकावर बसवेना. ती उठली आणि डॉक्टरला शोधत गेली.

"मॅडम, मी मघाशी खोटं सांगितलं. पाणी पीत नव्हते ते. दहा दिवस. मीच सांगितलं होतं कमी प्या म्हणून. सारखं संडासला न्यावं लागतं ना."

डॉक्टरने पेन थांबवलं. "दिवसाला किती असेल अंदाजे?"

"माहीत नाही. दोन पेले. कदाचित तेवढंही नाही."

"स्कॅन तरीही करावंच लागलं असतं. पण हे आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "असे बरेच येतात. संडास लांब असतो, जिने असतात. म्हातारी माणसं पाणीच सोडतात."

डॉक्टर तिला धीर देत होती. पण संघमित्राच्या डोळ्यांसमोर तो न उतरलेला माठ होता, आणि तो तिने डॉक्टरला सांगितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सीताराम पूर्ण भानावर आले. किडनीला धक्का बसला होता, पण हळूहळू सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. राउंडला मोठे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काय आजोबा, पाणी का पीत नव्हतात?"

"तहानच लागायची नाही हो," सीताराम म्हणाले. "पोरगी तर सारखी मागे लागायची."

"नाही डॉक्टर," संघमित्रा म्हणाली, "मीच नको म्हटलं होतं."

आजूबाजूच्या दोन खाटांवरची माणसं वळून बघू लागली. डॉक्टर गेल्यावर सीताराम चिडले. "लोकांपुढे कशाला सांगायचं ते?"

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

त्यांनी चादर नीट ओढून घेतली. तिने त्यांना चमच्याने पाणी दिलं, मग पेल्याने. थोड्या वेळाने विचारलं, "तहान लागायची ना?"

"लागायची. रुमाल भिजवून ओठांवरून फिरवायचो. तू कामात असायचीस."

ती रडायला लागली. सीतारामांनी सलाईनचा हात सांभाळून दुसरा तिच्या डोक्यावर ठेवला आणि थोपटत राहिले. "तू काय मुद्दाम केलंस? तुला कुठं माहीत होतं मी एवढं कमी पितो ते."

तिथे ती गप्प राहिली असती तर विषय संपला असता. पण ते खोटं तिला आणखी एकदा गिळवेना.

"माहीत होतं, पप्पा. माठ उतरत नव्हता. बघितलं होतं मी."

त्यांचा हात तिच्या डोक्यावरच राहिला, पण त्यातलं थोपटणं थांबलं. वॉर्डात जेवणाची गाडी आली, ताटं वाजली. ते म्हणाले, "मग विचारलं का नाहीस?"

तिच्याजवळ उत्तर होतं. विचारलं असतं तर पुन्हा दर तासाला न्यावं लागलं असतं. पण ते तिला बोलता आलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

आठवड्याने ते घरी आले. संघर्ष दोन दिवस राहून गेला, त्याने कमोडची खुर्ची आणली. संघमित्राने खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावला. सीतारामांनी आधी तोंड वाकडं केलं, मग एका दुपारी मुकाट्याने वापरली. डॉक्टरने गोळी बदलून दिली होती. पलंग तापणाऱ्या भिंतीपासून हलवला, विकास आणि चाळीतल्या कुशाबाकाकांनी ऊन परतावं म्हणून गच्चीवर चुना मारला. दुपारी मावशी येऊन बसायच्या. टीम लीडला संघमित्राने सरळ सांगितलं, की मला मध्येच उठावं लागेल, आणि ते तसंच चालेल. तो "ओके" म्हणाला. इतकं सोपं होतं ते.

चाळीत जो भेटेल तो तिचं कौतुक करायचा. ती एक-दोघांना खरं सांगायला गेली, पण लोकांना ते ऐकायचं नव्हतं. "असं काय बोलतेस? तू होतीस म्हणून," म्हणायचे. मग तिने सांगणं सोडलं.

मेच्या मध्याला किडनीचा रिपोर्ट बराच सुधारून आला. त्या दिवशी ती कामात होती, कानात हेडफोन. सीताराम तांब्याकडे हात नेत थांबले आणि तिच्याकडे बघत म्हणाले,

"घेऊ का गं थोडं?"

हॉस्पिटलातून आल्यापासून ते प्रत्येक वेळी विचारत होते. टोमणा नव्हता त्यात. तिने शंभरदा सांगितलं होतं, पप्पा, विचारू नका. ते मान डोलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे.

तिने हेडफोन काढला, उठली, पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि ते पिऊन संपवेपर्यंत समोर उभी राहिली.