कोपरीच्या रामाचे पाय

कल्याणचा गोपीनाथ चितारी देवादिकांची चित्रं काढण्यात नावाजलेला होता. त्याच्या चित्रातले डोळे बघून माणसं हात जोडत. मात्र त्याला पाय काढता येत नसत, आणि ही गोष्ट त्याची बायको हौसाबाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती.

त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. चित्रकला त्याला मामांनी शिकवली, ती डोक्यापासून. मुकुट झाला, चेहरा झाला, हात झाले, शिकवणी कमरेपर्यंत आली, आणि मामांना एकाएकी वैराग्य येऊन ते काशीला निघून गेले. तेव्हापासून गोपीनाथचा कृष्ण यमुनेत कमरेइतक्या पाण्यात उभा राही, सरस्वती मोराआड बसे, आणि विष्णूच्या पायांवर लक्ष्मी शालीचा घोळ पसरून ठेवी.

आगगाडी सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. ठाण्याला कोपरीत मिठागरवाल्यांनी रामाचं देऊळ नव्याने बांधलं, आणि भिंतीवरच्या चित्रासाठी गोपीनाथला बोलावलं. तो हौसाबाईला घेऊन आला, देवळामागच्या खोलीत उतरला, आणि त्याने प्रसंग निवडला तो गंगा ओलांडण्याचा. रामसीता गुडघाभर पाण्यात उभी.

चित्र पुरं झालं तेव्हा नौपाड्याचे नारोपंत मुद्दाम बघायला आले. कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, व्याख्यानाची हौस दांडगी.

"हे पाणी म्हणजे भवसागर," ते जमलेल्यांना म्हणाले. "अर्धा देह दृश्य, अर्धा अदृश्य! चिताऱ्याने अद्वैत रंगवलं आहे."

गोपीनाथने नम्रपणे मान लववली. अद्वैत की काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण ते गुडघ्याखाली असतं एवढं त्याला पटलं.

तेवढ्यात गोदा पुढे आली. मिठागरात सारा जन्म गेलेली, आवाज खाडीपलीकडे ऐकू जाणारी बाई. तिने हातातली फुलं सावरली, वाकली, आणि वाकल्या वाकल्या थांबली.

"देवाचं पाय कुठं हान रं?"

"पाण्यात आहेत, आजी," गोपीनाथ म्हणाला.

"मंग मी डोकं कुठं ठेवू? मासळीवर?"

नारोपंत अद्वैत समजावू लागले, तिने ऐकलं नाही. "नावाड्यानं धुतलं ते पाय दाव मना. पानी काढ तिथलं."

लोकांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं, पायांवाचून दर्शन कसलं?

खोलीत आल्यावर गोपीनाथने डोकं धरलं. हौसाबाईने पाय पुढे केले. "काढा माझे. इतक्या वर्षांत माझ्याकडे खाली कधी बघितलंत?"

त्याने बघितलं, कोळशाने काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. हौसाबाईने कागद उलटसुलट करून पाहिला. "रताळी चांगली उतरलीत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपीनाथ हताश होऊन देवळात बसला होता. सभामंडपात देवाकडे डोकं करून भिवा नावाचा एक मिठागरवाला घोरत होता. त्याचे पाय दाराच्या उजेडात आले होते. मिठाने खाल्लेल्या टाचा, डावा अंगठा घरच्यांवर रुसल्यासारखा बाहेर वळलेला, करंगळी शेजारणीच्या खांद्यावर चढलेली. गोपीनाथ बघतच राहिला. गुळगुळीत पायावर त्याची नजर घसरून जाई. इथे तिला धरायला जागा होती. एक भेग धरली की पुढची रेघ आपोआप येत होती. त्याने कुंचला उचलला आणि भिवा जागा होण्याआधी रामाखालचं पाणी आटवून टाकलं.

सकाळी गाव जमला. गोदा फुलं घेऊन वाकली आणि चटका बसल्यासारखी सरळ झाली.

"ह्ये त भिव्याचं पाय!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग भिवाकडे. भिवानेही खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि त्याची छाती फुगली. त्याच्या मिठागराचा बांध गोदाच्या मिठागराला लागून होता. दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, जे होतं ते शिव्यांमध्ये होतं.

"गोदे," तो प्रेमाने म्हणाला, "टेक डोकं."

"मेले तरी नाय!"

नारोपंत घाईने पुढे झाले. "अहो, चौदा वर्षं अनवाणी वनवास! भेगा पडणारच. काय सूक्ष्म दृष्टी!"

"वनवास रामाला, न् अंगठा भिव्याचा कसा?" गोदाने विचारलं.

यावर नारोपंतांनी उपरणं झटकलं. गोदा गोपीनाथकडे वळली. आता लपवून उपयोग नव्हता.

"आजी, मला मनातून पाय काढता येत नाहीत," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "समोर असले तरच येतात. तेही असे, भेगांचेच. दुसरे येतच नाहीत."

लोक हसतील असं त्याला वाटलं. पण गोदा विचारात पडली. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि जोडवी घातलेले दोन्ही पाय तिने सीतेसमोर लांब केले.

"मंग सीतेला माजं काढ."

भिवाची छाती जागच्या जागी बसली.

दिवसभर गोदा हलली नाही. फक्त अधूनमधून म्हणे, "भेगा जरा कमी कर की." गोपीनाथ म्हणे, "भेगा पुसल्या तर पायच जाईल, आजी."

रामनवमीला गोदा आणि भिवा एकाच वेळी देवळात आली. आधी कोण वाकणार, हे बघायला गाव दारात उभा होता. शेवटी दोघं एकदमच वाकली, ती सीतेच्या पायांवर, तो रामाच्या. म्हणजे जो तो आपल्याच पायांवर! लोकांनी ओरडा केला. मग कुरकुरत दोघांनी जागा बदलल्या. भिवाने डोळे घट्ट मिटून गोदाच्या जोडव्यांना कपाळ लावलं. गोदाने भिवाच्या अंगठ्यावर फूल ठेवलं, ते घसरून पडलं, तिने उचलून पुन्हा ठेवलं.

"टाचंला तेल लाव रं जरा," ती वर न बघता म्हणाली. "देवाला बरं दिसत नाय."

"लावतो," भिवा म्हणाला.

गोपीनाथ खांबाला टेकून उभा होता. चित्राची तारीफ चालली होती, पण त्याचं तिकडे ध्यान नव्हतं. पायऱ्या चढून येणाऱ्या माणसांचे पाय तो बघत होता. फताडे, घट्टे पडलेले, चिखलाचे. एवढे दिवस हे सगळं कुठे होतं, याचं त्याला नवल वाटत होतं.

"अहो, मान वर करा," हौसाबाई कुजबुजली. "बायामाणसं लुगडी सावरायला लागलीत."