मंजुळाचा सॅल्मन

सातपाटीच्या मंजुळाने तीस वर्षं पालघरच्या बाजारात मासळी विकली, पण पोटच्या पोरीने आपल्याला दारातच अडवावं असा दिवस तिने कधी बघितला नव्हता. बोईसरच्या फ्लॅटच्या दारात हेमाली नाकाला ओढणी लावून उभी होती. "आई, आत येऊ नको. तुला मासळीचा वास येतो."

आता मासेवालीला मासळीचा नाही तर काय अत्तराचा वास येणार? पण मंजुळा उंबऱ्याबाहेरच थांबली. हेमालीला तिसरा महिना लागला होता आणि तीन आठवडे तिच्या पोटात साधी पेज ठरत नव्हती. गाल बसले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. उद्या सकाळपर्यंत काही टिकलं नाही तर भरती करून सलाइन लावायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मंजुळाचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात काल हेमालीने फोनवर व्हिडिओ बघितला. तव्यावर सॅल्मन, त्यावर लालभडक, चकचकीत, गोड-तिखट पाक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोरीच्या तोंडाला पाणी सुटलं. जावई जितेश मुंबईहून सॅल्मन आणायला निघाला, तर मंजुळाने त्याला फोनवरच झापलं. "जावईबापू, कोळणीच्या जावयाने मासा विकत आणायचा? सॅल्मन म्हंजे आपला रावस. हॉटेलवाले माझ्याकडून रावस नेतात नि सॅल्मन सॅल्मन करतात. तुमी कामावर जा. मी हाय ना."

म्हणून आज ताजा रावस घेऊन स्वारी हजर, आणि दारातूनच वाटेला लावलेली. शेवटी शेजारच्या मोनालीने तिला आपल्या घरात घेतलं. तिथेच मंजुळाने साबण लावून दोनदा अंघोळ केली, मोनालीचा फुलाफुलांचा गाऊन चढवला आणि विळीवर बसली. मोनाली फोन धरून व्हिडिओ दाखवत होती. रावसाचे तुकडे पडायला लागले तशी ती बिचकत म्हणाली, "मावशी, पण हा आतून पांढरा आहे. सॅल्मन गुलाबी असतो ना?"

मंजुळाने फोनमध्ये डोकं घातलं. तिथला मासा भोपळ्याच्या फोडीसारखा केशरी. विळीवरचा रावस गोरापान. मेल्या हॉटेलवाल्यांनी तिला फसवलं आणि तिने शहाणपणा करून जावयाला. आता मुंबईला कोण धावणार आणि कधी परतणार?

एका माशाच्या नावावर दुसरा खपवणाऱ्या बाईचे तिने एकदा भर बाजारात वाभाडे काढले होते. भावात ओढाताण चालते, नावात फसवायचं नाही, हा तिचा धर्म. पण हेमालीचे बसलेले गाल डोळ्यांपुढून हलेनात. तिने धर्म गुंडाळून फळीवर ठेवला. पाकाखाली गोरा की गुलाबी, कोण बघायला येतंय.

मध नव्हता, तर गूळ घेतला. गुळात लाल तिखट, ठेचलेला लसूण, सोया सॉस, लिंबू. "मासा हाय का जिलबी," असं पुटपुटत तिने पाक बोटाला चिकटेपर्यंत आटवला. तुकडे कातडीकडून खमंग भाजले, उलटले आणि वर पाक सोडला. तवा चरचरला. घरभर गूळ-लसणाचा वास सुटला, मासळीचा औषधालाही नाही.

ताट घेऊन मंजुळा हेमालीच्या फ्लॅटमध्ये गेली, या वेळी दारात कुणी अडवलं नाही. शेजारी घमेलं तयारच होतं. पोरीने एक घास घेतला. चावता चावता थांबली.

"आई, ह्यो रावस हाय."

कोळ्याची पोर ती, पाकाने काय फसणार. "हाय," मंजुळा म्हणाली. "माझंच चुकलं, बाय. कळलं तवा सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं."

आता ताट ढकलणार, घमेल्याकडे धावणार, म्हणून मंजुळा जागची उठलीच. हेमालीने दुसरा घास घेतला. मग तिसरा. तुकडा संपला तशी ताटातला पाक तिने भाकरीने पुसून घेतला.

पण खरी परीक्षा पुढेच होती. रोज खाल्लेलं पंधरा मिनिटांत बाहेर यायचं. मंजुळा घड्याळाकडे डोळे लावून बसली, एकवीरा आईला पाच नारळ बोलून मोकळी झाली. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. हेमाली भिंतीला टेकून शांत बसली होती, कपाळावरची आठी गेली होती. मंजुळाला बरं वाटत होतं आणि बरं वाटायची भीतीही वाटत होती.

तास भरला तशी हेमाली म्हणाली, "आई."

मंजुळाने झडप घालून घमेलं पुढे केलं.

"ते नको गो. रावसाचं डोकं कुठं ठेवलंस? त्याचं कालवण कर ना. चिंच जरा जास्त घाल."

मंजुळा त्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये खालीच बसली. तीन आठवडे दाबून ठेवलेलं रडू एकदम फुटलं, आणि त्यात ती हसतही होती. "हाय, बाय, हाय. मोनालीच्या फ्रिजमध्ये ठेवलंय," ती म्हणाली आणि डोळे पुसत चिंच भिजत घालायला उठली.