मोठे मिस्त्री म्हणून शोधलं तर

“अजून खाली जा,” धाकटे मिस्त्री म्हणाले.

“बाबा, एवढ्या खाली कोणी येत नाही,” लेक म्हणाली, पण तिने मोबाइलवर बोट फिरवणं थांबवलं नाही.

एकदाचं सापडलं. जुनी यंत्रं विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाच्या आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या एका बाईंच्या मधे अंग चोरून बसलेलं: ‘शिलाई मशीन दुरुस्ती’, खाली धाकट्या मिस्त्रींचा नंबर. लेकीने सुट्टीचे दिवस घालवून बनवलेली वेबसाइट ती हीच.

“म्हणजे दुकान थाटलं, आणि तेही बोळाच्या टोकाला,” ते म्हणाले.

“नवीन आहे ना. लोक काय विचारतात ते आपण लिहीत राहायचं. सुई सारखी का तुटते, टाका का सुटतो. सर्च इंजिन ते वाचतं. चार ओळखीच्यांनी त्यांच्या साइटवर आपला पत्ता दिला, की त्याचा विश्वास बसतो. मग हळूहळू वर आणतं.”

धाकट्या मिस्त्रींनी मनावर घेतलं. दुपारी काम नसलं की ते सांगायचे आणि लेक टाइप करायची. मशीन जड का चालतं, बॉबिनमध्ये दोरा का अडकतो. शिवणवर्गाच्या बाईंची यंत्रं तेच दुरुस्त करायचे. बाईंनी आपल्या साइटवर आनंदाने पत्ता दिला. कापडवाल्यानेही दिला. वेबसाइट खरंच वर सरकू लागली, तरी फोन काही वाजेना.

एके दिवशी लेकीने काहीतरी तपासून सांगितलं, “इथले लोक ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं शोधतच नाहीत. ‘मोठे मिस्त्री’ असं शोधतात.”

धाकट्या मिस्त्रींनी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि ते दोन शब्द पुन्हा वाचले.

मोठे मिस्त्री म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. वडिलांच्या मागे दोघे एकाच दुकानात बसायचे. गिऱ्हाईक दारात आलं की मोठ्यांनाच विचारायचं. एकदा भर गिऱ्हाइकासमोर मोठ्यांनी धाकट्यांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं, “राहू दे, मी बघतो,” म्हणून. बोलणं इतकंच झालं. पण धाकट्यांनी त्याच आठवड्यात पलीकडच्या रस्त्यावर वेगळं दुकान काढलं, आणि तेव्हापासून भावाच्या घराची पायरी चढली नाही. मोठ्यांची वेबसाइट नव्हती. त्यांच्या दुकानावर धड पाटीसुद्धा नव्हती. माणसं विचारत विचारत यायची.

“मग ते शब्द टाक,” धाकटे मिस्त्री म्हणाले.

“बाबा, ते काकांचं नाव आहे.”

“नाव नाही ते. लोक म्हणतात म्हणून पडलंय. त्याच्या घरातलाच आहे ना मी? तसं लिही. मोठे मिस्त्री यांच्या घराण्यातली दुरुस्ती. यात खोटं काय आहे?”

लेक बराच वेळ मोबाइल उलटासुलटा करत राहिली. मग तिने लिहिलं.

त्यानंतर फोन वाजू लागला. ‘मोठे मिस्त्री’ म्हणून शोधलं की सगळ्यांत वर धाकट्यांचं दुकान, नकाशासकट. यंत्रं ठेवायला जागा पुरेना. कोणी “मोठे मिस्त्री आपणच का?” असं विचारलं, की ते “मशीन आधी टेबलावर ठेवा,” म्हणायचे. पहिल्यांदा म्हणताना जीभ थोडी अडखळली. पुढे सवय झाली.

एका सकाळी एक म्हातारी शिंपीणबाई रिक्षातून यंत्र घेऊन आली आणि दुकानभर बघत म्हणाली, “मोठे मिस्त्री दिसत नाहीत?”

“काय बिघडलंय?”

“टाका सोडतंय. त्यांनीच बसवून दिलं होतं मला, माझं लग्न झालं तेव्हा. पत्ता विसरले होते. नातवाने फोनमध्ये त्यांचं नाव टाकलं, तर हे दुकान आलं.” तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. “तुम्ही भाऊ का? कपाळ तसंच आहे. त्यांचं दुकान आता हेच का?”

“त्यांचं पलीकडे आहे,” ते म्हणाले. इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं.

बाजूचा इस्त्रीवाला ऐकत होता. तो म्हणाला, “पलीकडचं कुठलं? ते तर गेल्या महिन्यातच बंद झालं. तुम्हाला माहीत नाही?”

धाकट्या मिस्त्रींनी शिंपीणबाईचं यंत्र ठेवून घेतलं. दुपारभर त्याच्यासमोर बसले, पण स्क्रू सोडवायला हात होईना. संध्याकाळी त्यांनी ते चादरीत गुंडाळलं, पिशवीत दोन पेचकस टाकले आणि भावाच्या घरी गेले. इतक्या वर्षांनी नुसतं जायचं तर काय सांगून जायचं, हेच त्यांना सुचत नव्हतं.

दार वहिनींनी उघडलं. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि “आत या,” म्हणून बाजूला झाल्या.

मोठे मिस्त्री खिडकीपाशी बसले होते, बरेच वाळलेले. “ये,” ते म्हणाले, काल भेटल्यासारखं. “दुकान आवरलं रे. माणूसच येईनासा झाला. आधी वाटलं माझंच काही चुकलं, कोणाचं काम बिघडवलं. मग म्हटलं, घरी शिवतंय कोण आता? सगळं तयार मिळतं.” मग त्यांनी विचारलं, “तुझ्याकडे येतात का कोणी?”

धाकट्यांच्या ओठावर सगळं आलं होतं. वेबसाइट, ते शब्द, लेकीचं नको म्हणणं. आणि ते म्हणाले, “येतं एखादं.”

“बरंय. टिकून राहा.”

त्यांनी चादर सोडली. “हे जरा बघशील? टाका सोडतंय. मला जमत नाहीये.”

जमण्यासारखं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मोठे मिस्त्री पुढे सरकले. “हत्यारं देऊन टाकली रे मी,” ते म्हणाले, तेव्हा धाकट्यांनी पेचकस त्यांच्या हातात दिला. मोठ्यांनी चाक हलकेच फिरवलं, कान लावून ऐकलं, सुई काढून पुन्हा बसवली. वहिनींनी दिवा लावला आणि उजेड पडेल असा वाकवून धरला.

“कोणाचं मशीन?”

“एका शिंपीणबाईचं. तूच बसवून दिलं होतंस म्हणे.”

मोठ्यांचा हात थांबला. “मग माझ्याकडे का नाही आली?”

धाकटे मिस्त्री दोऱ्याचं रीळ हातात फिरवत राहिले. “आली असेल,” ते म्हणाले. “दुकान बंद दिसलं असेल.”

“हं,” मोठे मिस्त्री म्हणाले. “मीच जरा लवकर बंद केलं बहुतेक.” आणि त्यांनी दोऱ्यासाठी हात पुढे केला.