खोटी बुजवलेली विहीर

आम्ही दोघी सासवासुना कांद्याच्या वाफ्यात खुरपत होतो, तेवढ्यात शिंपीण कुंपणापाशी येऊन ओरडायला लागली.

"अहो आजी, तुमच्या त्या रस्त्याला झालंय तरी काय? आमच्या मोरीचं पाणी दोन दिवस गटारात जातच नाही, कुठं मुरतंय देव जाणे! आणि गिरणीच्या भिंतीला ही एवढी चीर गेलीय. हात जाईल आत."

सासूबाईंचं खुरपं जागीच थांबलं. तोंड पांढरंफटक पडलं. मला वाटलं ऊन लागलं. शिंपीण बडबडत निघून गेली, तशा त्या ढेकळांतच बसल्या आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"तिथं खाली विहीर आहे गं."

आमचं घराणं इथलं पहिलं. आता जिथं चार गल्ल्या, शाळा, दवाखाना आहे, तिथं सगळा आमचाच मळा होता. आजेसासऱ्यांनी तुकडे पाडून जागा विकल्या, शाळेला फुकट दिली, म्हणून रस्त्याला त्यांचं नाव. आता आमच्याकडे उरलेत घरामागचे चार वाफे, पण लोक अजून आम्हाला मळेवालेच म्हणतात.

"बुजवलेली असेल ना?" मी विचारलं.

"बुजवली म्हणायची. तोंडावर लाकडं आडवी टाकली, त्यावर फरश्या, त्यावर माती. जागेला गिऱ्हाईक आलं होतं, भर घालत बसायला सवड कुणाला? माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. मामंजींनी सगळ्यांना समोर बसवलं नि सांगितलं, बाहेर चकार शब्द गेला तर जीभ हासडीन."

"तुमचे मामंजी गेल्यावरही तुम्ही बोलला नाहीत?"

"मग हे होते. हे गेले, तर रस्त्याच्या पाटीवरचं नाव होतं." त्यांनी मान खाली घातली. "लाकडं किती वर्षं टिकतात गं?"

मी खुरपं खाली टाकलं. शिंप्याच्या मोरीला लागूनच त्याची सून बाळंतीण होऊन पडलेली. पलीकडे गिरणी, तिथं सकाळपासून बायका डबे घेऊन उभ्या.

"नेमकी कुठं, ते सांगा."

"खुणेचं झाड कधीच तोडलं. पण मागच्या दारापासून टेकडीकडे तोंड करून निघायचं, एकशेचाळीस पावलं. रोज भरून येताना मोजायचे मी. ओझं जाणवायचं नाही." त्या उठल्या, चार पावलं टाकली आणि थांबल्या. "ही म्हातारीची पावलं झाली. तू चाल. कडेवर भरली कळशी घे. मी तशीच चालायचे."

मी कळशी घेतली. सासूबाई मागोमाग. मागच्या दारातून निघाले, टेकडीवरची नजर हलू दिली नाही. न्हाव्याच्या दुकानात पुढून शिरून मागून निघाले. फेसानं माखलेलं गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून बघत राहिलं. रस्ता ओलांडून शिंप्याच्या घरात पोचले तेव्हा शहाण्णव पावलं झाली होती. तिथून पुढं मला पाऊल टाकवेना. आधी चवडा टेकवायचा, जमीन धरते का बघायचं, मग टाच. कळशीतलं पाणी कमरेवरून ओघळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"हे काय सोंग काढलंत?" शिंपीण कडाडली.

"सुनेला आणि लेकराला उचल, रस्त्यावर ने," सासूबाई म्हणाल्या. "मग हव्या तेवढ्या शिव्या दे."

शिंपीण आत वळली. बाळाला छातीशी धरून ती पळाली, मागून सून भिंत धरत गेली.

मोरीपाशी एकशे एकवीस. मागच्या दारातून बाहेर पडले, बोळ ओलांडला. गिरणीच्या उंबऱ्यावर एकशे छत्तीस झाली आणि माझे पाय खिळले. चार पावलं उरली होती. चार पावलांवर जातं घरघरत होतं, पट्टा फटफट वाजत होता. तीन बायका पिठानं पांढऱ्या झालेल्या, गप्पा मारत उभ्या. तळपायाला जमिनीची थरथर लागत होती. ती जात्याची की आणखी कशाची, कसं कळावं?

"पुढं नको!" सासूबाईंनी माझा पदर मागं खेचला. मग गिरणीवाल्याला म्हणाल्या, "बंद कर. सगळ्यांना बाहेर काढ."

"आजी, डोकं ठिकाणावर आहे का? दळणं खोळंबलीत."

"तुझ्या जात्याखाली विहीर आहे."

"काहीतरीच! तुमच्या सासऱ्यांनी स्वतः उभं राहून माझ्या बापाला ही जागा आखून दिली. देवमाणूस होता."

"त्या देवमाणसानंच ती झाकली." सासूबाईंनी माझा पदर अजून सोडला नव्हता. "खोटी बुजवली. मी पाहिलंय."

गिरणीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीच्या चिरेकडे पाहिलं आणि हात लांबवून बटण दाबलं. जातं थांबलं, तरी थरथर थांबली नाही. बायका डबे टाकून बाहेर धावल्या. त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली, उंबऱ्यावर पालथं पडून चीर जमिनीत उतरली होती तिथं खुपसली. पहार त्याच्या हातातून सरकली नि दिसेनाशी झाली. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. मग खोल खालून पाण्याचा आवाज आला.

दुपारी, सगळे लांबून बघत असताना, गिरणीची जमीन मधोमध खचली आणि जातं आत गेलं. धुरळा बसला तेव्हा शिंप्याची मोरीही अर्धी गेली होती. माणूस एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून आमच्या दारात माणसं. भांडायला आली असतील म्हणून मी कडी लावत होते. सासूबाईंनी मला दूर केलं. पण भांडण कुणी काढलंच नाही. भेदरलेल्या तोंडानं एकेक जण विचारी, आजी, आमच्या घराखाली काय होतं? आणि त्या सांगत. तुझ्या खाली गव्हाचं रान. तुझ्या खाली गोठा. तुमच्या खाली खळं, खुशाल राहा.

शेवटी गिरणीवाल्याची बायको आली. तिनं काही विचारलं नाही. पायरीवर बसली. मी पाणी आणलं, ते घेतलं नाही. म्हणाली, "आजी, एवढी वर्षं शेजार आपला. तुम्ही कधी आमच्या गिरणीत आल्याचं मला आठवत नाही."

"नाही आले," सासूबाई म्हणाल्या. "भीती वाटायची."

"मग तुमचं दळण?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सून न्यायची," त्या म्हणाल्या.