चौथ्या रकान्यातले तीन महिने

“बेरीज जुळतेय ना, मग झालं की,” अधीक्षक म्हणाले आणि सहीसाठी पेन उघडलं.

“बेरीज गेल्या वर्षीही जुळली होती, साहेब,” मास्तर म्हणाले. “म्हणूनच तर कुणाच्या लक्षात आलं नाही.”

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. रुग्णालयाचे आकडे लिहिणारे कारकून. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत, म्हणून सगळे आकडेमास्तर म्हणत. माणूस सरळ, जरा घाबरट. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना दोन दिवसांच्या वर्गाला धाडलं आणि ‘आर’ नावाची आकडेमोडीची संगणकभाषा गळ्यात मारली. बिचारे शिकलेही.

गेल्या वर्षीचा तक्ता त्यांनी त्याच भाषेत मांडला होता. कुठल्या वॉर्डात किती जणांच्या जखमेत संसर्ग झाला, त्याचा. नोंदवहीत एकेका महिन्याची एक ओळ, ओळीत चार वॉर्डांचे चार आकडे. मास्तरांनी अठ्ठेचाळीस आकडे ओळीमागून ओळ टाइप केले आणि यंत्राला सांगितलं, बारा ओळी, चार रकाने कर. यंत्राने केले. पण ही भाषा मुद्दाम सांगितल्याशिवाय आडवं भरत नाही. वरून खाली एक रकाना भरते, मग दुसरा. तेवढं एक सांगायचं मास्तरांकडून राहिलं. त्यामुळे चारही वॉर्डांचे शेवटचे तीन महिने एकट्या चौथ्या वॉर्डाच्या रकान्यात जाऊन बसले. आणि साथ आली होती ती नेमकी त्याच तीन महिन्यांत, अख्ख्या रुग्णालयात.

चोर सोडून संन्याशाला फाशी. चौथ्या वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टर चोवीस वर्षं पायाला भिंगरी लावून राबलेल्या. त्यांना उचलून चादरींच्या कोठारात बसवलं. चार महिन्यांत त्यांनीच राजीनामा दिला. यंदाचा तक्ता हाताने पडताळताना मास्तरांना हे उमगलं. गेल्या वर्षीची नोंदवही काढून त्यांनी आकडा न् आकडा पुन्हा ताडून पाहिला.

अधीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. “बाई गेल्या, फाइल बंद झाली. कशाला नसती आफत ओढवून घेताय, मास्तर? पाच महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची.”

“मी लिहून आणलंय,” मास्तर म्हणाले. कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि पोच मागून घेतली.

संध्याकाळी ते सिस्टरांच्या घरी गेले. दार सुनेने उघडलं. खिडकीशी सिस्टर बसल्या होत्या आणि त्यांच्यापासून चार हात लांब, सतरंजीवर, बाळ.

“नात आठ महिन्यांची झाली, आईंनी अजून उचललेली नाही,” सून हळूच म्हणाली. “हात स्वच्छ नाहीत म्हणतात.”

सिस्टरांचे हात धुऊन धुऊन सोलवटले होते. मास्तरांनी नजर वळवली. मग कागद पसरून सगळं सांगितलं, आडवं कसं, उभं कसं, चूक कुणाची. स्वतःला त्यांनी कुठे वाचवलं नाही.

सिस्टरांनी चौथ्या रकान्यावरून बोट खाली नेलं. “माझे खरे किती?”

“सात. चारही वॉर्डांत सगळ्यांत कमी.”

“आणि तेव्हा दाखवले होते?”

“एकसष्ट.”

“मी रोज आठवत बसायचे, मास्तर. कुणाला हात न धुता लावला असेल. शेवटी एक मुलगी आठवली, पायाला टाके होते तिच्या. म्हटलं, हिच्यापासूनच सुरू झालं असणार. साहेबांना तसं लिहून दिलं मी.”

“मला शिव्या द्या, सिस्टर.”

“शिव्यांनी काय होतंय आता.”

बाळ रडू लागलं. आतून सुनेने सगळं ऐकलं असावं. “आई, आता तरी घ्या ना तिला,” ती म्हणाली.

सिस्टर उठल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण त्या बाळाकडे न वळता बेसिनकडे गेल्या. साबण लावून, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, चोवीस वर्षं धुतले तसे त्यांनी हात धुतले. हात उजेडात धरून पाहिले. पुन्हा साबण लावला.

सुनेने थोडी वाट पाहिली आणि बाळाला उचलून घेतलं. ते तिच्या खांद्यावर गप्प झालं. मास्तर कागदांची घडी घालून बसून राहिले. बेसिनचा नळ चालूच होता.